खिडकी पाहिजे म्हणजे पाहिजेच

काल कट्ट्यावर चहाचा ग्लास उचलता उचलता बाळ्यानं जाहीर केलं, "आज आमच्या कारल्याच्या भाजीचं डिफेनेस्ट्रेशन झालं." शब्द त्याच्या धाकटीनं शाळेतून आणलेला. अर्थ, खिडकीतून बाहेर फेकणं. लॅटिनमध्ये 'फेनेस्ट्रा' म्हणजे खिडकी.

अण्णांना पटेना. "फेकली म्हण की सरळ. एवढ्याशा भाजीला एवढा लांबलचक शब्द कशाला?"

मला राहवेना. हा माझा फार लाडका शब्द. म्हटलं, अण्णा, यामागे युरोपातलं प्राग शहर उभं आहे. 23 मे 1618. चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी प्रागच्या किल्ल्यात कॅथलिक बादशहाचे दोन कारभारी आणि त्यांचा कारकून, तिघांना खिडकीतून फेकलं. जवळजवळ 70 फूट खाली! तिघंही वाचले. कॅथलिक म्हणाले, देवानंच तारलं. प्रोटेस्टंट म्हणाले, कसला देव, उकिरड्यावर पडले. त्या फॅब्रिशियस नावाच्या कारकुनाला पुढे सरदारकी मिळाली आणि किताब काय, तर 'फॉन होहेनफाल'. म्हणजे उंचावरून पडलेला! इथून जे युद्ध पेटलं ते 1648 पर्यंत विझलं नाही.

"मग अकबराचा दूधभाऊ आधमखान?" मास्तर म्हणाले. 1562, आग्र्याचा किल्ला. एकदा फेकून मेला नाही, म्हणून वर आणून पुन्हा फेकला.

"ती गच्ची होती, मास्तर. खिडकी पाहिजे."

"आणि आपला शनिवारवाडा?" बाळ्या हळूच म्हणाला.

सगळे गप्प. सवाई माधवराव, 1795, अवघं 21 वय. उडी मारली की तोल गेला, हा वाद अजून मिटलेला नाही. पण फेकलं कुणी नव्हतं. तिथं हा शब्द नको. खिडकी हवी आणि फेकणाराही हवा. यातलं एक जरी सोडलं तरी उरतं नुसतं 'फेकणं', आणि त्याला आपल्याकडे शब्द आहेच.

अण्णा बराच वेळ ओठातल्या ओठात काहीतरी जुळवत होते. "गवाक्षक्षेप," ते म्हणाले. मग एकदा मोठ्यानं, "भाजीचा गवाक्षक्षेप!" त्यांचा चेहरा खुलला.

"पण बाळ्या," मास्तर म्हणाले, "तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला तर ग्रिल आहे ना?"

"आहे ना. एकेक चकती उभी धरून गजांमधून सोडत होती."