शिकवण्या, गळा आणि सकाळचे तीन तास : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गाण्यावर जगायचं ठरवलेल्यांसाठी मागच्या लेखात मी शिकवणी, साथ आणि मैफिली अशी कमाईची तीन खाती मांडली होती, त्याचा तुम्हाला राग आला. ‘हिशेब मांडणारा कारकून होतो, गवई होत नाही. भीमसेनजींनी घर सोडलं ते खातेवही घेऊन नाही,’ असं तुम्ही लिहिलंत. शिकवण्यांनी गळा बिघडतो हा तुमचा दुसरा आक्षेप, आणि विशारद या संगीत परीक्षेला मी ‘नुसता कागद’ म्हटलं हा तिसरा. तुमची बावीस वर्षांची मुलगी नोकरी न धरता गाणंच करणार आहे आणि तो लेख वाचून दोन दिवस गप्प होती, हेही कळलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिसऱ्या आक्षेपात चूक माझी आहे. ‘नुसता कागद’ हे शब्द मागे घेतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण या सात परीक्षा नेटाने दिल्या तर राग, ताल, स्वरलिपी पक्की होते. अडचण एवढीच की परीक्षेत एकेका रागाला मोजकी मिनिटं मिळतात. त्यामुळे चाळीस रागांच्या बंदिशी पाठ असतात, पण यमनचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल पाऊण तास मांडायला बसवलं की पंधराव्या मिनिटाला आलाप पुन्हा त्याच त्या जागांवर, म्हणजे स्वरांच्या वळणांवर, फिरू लागतो. ती सवय वेगळी लावावी लागते : वर्षभरात तीन-चारच राग, रोज त्यातला एक, घड्याळ लावून.

आता भीमसेनजी. 1933 साली अकरा वर्षांच्या मुलाने गुरूच्या शोधात घर सोडलं, हे खरंच. पण तोच मुलगा पुढे 1943 मध्ये मुंबईत येऊन रेडिओवर कलावंत म्हणून काम करू लागला. गवई मल्लिकार्जुन मन्सूरांनी एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत संगीत दिग्दर्शनाचं काम केलं, नंतर आकाशवाणीच्या धारवाड केंद्रावर सल्लागार होते. गवई विनायकबुवा पटवर्धन जवळजवळ दहा वर्षं गंधर्व नाटक मंडळीत होते, मग 1932 मध्ये त्यांनी पुण्यात संगीत विद्यालय काढलं आणि शेकडो विद्यार्थी घडवले. यांतल्या कोणाला कारकून म्हणायची हिंमत मला होणार नाही. विनायकबुवांच्या गुरूंचं, विष्णु दिगंबर पलुस्करांचं, उदाहरण तर मनाला लागतं. 1901 मध्ये लाहोरला लोकांच्या देणग्यांवर आणि मैफिलींच्या उत्पन्नावर विद्यालय उभं करणाऱ्या या माणसाला मुंबईत कर्जापायी विद्यालयाची इमारत गमवावी लागली. साधना कमी पडली म्हणून ते घडलं नाही.

दुसरा आक्षेप सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि निम्मा मला मान्य आहे. शिकवण्यांनी गळे बिघडतात. का बिघडतात ते मात्र नीट पाहायला हवं.

पहिलं कारण पट्टी, म्हणजे गाताना ‘सा’ (षड्ज) कुठे धरला ते. समजा तुमची मुलगी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर ‘सा’ धरून, गाते. लहान मुलंमुली साधारण त्याच पट्टीत बसतात, मोठ्या बायकाही. पण काळी एकमध्ये गाणारे दोन पुरुष त्याच गटात आले की ती त्यांच्यासाठी षड्ज बदलते. तो षड्ज तिला एक तर फार खाली पडतो, नाही तर फार वर. दोन तास असं ताणून गायलं की दुसऱ्या दिवशी खर्ज, म्हणजे खालचे स्वर, लागत नाही. उपाय सोपा आहे : पुरुषांचा गट वेगळा, तिथे पेटीवर वाजवून दाखवायचं, स्वर तोंडाने सांगायचे आणि गळ्याने फक्त जागा दाखवायची, एकदाच. सात-आठ मुलांच्या गोंगाटावर आवाज चढवून गाणं हे दुसरं कारण. गट तिघांचा हवा. सकाळचा आवाज घोगरा येणं किंवा वरचा षड्ज चोरटा लागणं दोन-तीन आठवडे टिकलं, तर काढे करत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. स्वरतंतूंवर गाठी लवकर सापडल्या तर आवाजाला विश्रांती आणि व्हॉइस थेरपीने पुष्कळदा भागतं. आणि विश्रांती म्हणजे कुजबुजणं नव्हे, त्यानेही गळ्यावर ताण येतो.

तिसरं कारण वेळ, आणि मूळ लेखात ते मी पुरेसं सांगितलं नाही. शिकवणी संध्याकाळी असते, मैफिलीही संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. म्हणून सोमवार ते गुरुवार, संध्याकाळी दोन तास, एवढंच शिकवावं. तिघांचे चार गट, प्रत्येकाला आठवड्यात दोन वेळा एक तास : बारा विद्यार्थी, आठवड्याला आठ तास. माणशी दरमहा 1,500 रुपये धरले तर 18,000. मे महिना, गणपती, दिवाळी यांत वर्ग बुडतात, म्हणून वर्ष दहा महिन्यांचं धरायचं : 1,80,000. तेवढ्यात पुण्यात स्वतंत्र घर चालत नाही, आईवडिलांच्या घरी राहून गाणं चालतं. उरलेलं साथ आणि मैफिलीतून यायला हवं.

इथेच मोह होतो परदेशातल्या विद्यार्थ्यांचा. पैसे चांगले मिळतात. पण न्यूयॉर्कच्या बाजूला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात पहाटेचे साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. कॅलिफोर्नियाचे सात म्हणजे आपले सकाळचे साडेआठ किंवा साडेसात. म्हणजे नेमके खर्जाचे आणि रियाजाचे सकाळचे तीन तास. असे पाच दिवस दिले की वर्षभरात गाणं जागच्या जागी थांबतं, आणि हे कळतं ते मैफिलीत. घ्यायचेच असतील तर आठवड्यात दोन सकाळी, त्याहून जास्त नाही. शिकवताना तानपुरा विद्यार्थ्याच्या बाजूला वाजू द्यावा, आवाज उशिरा पोचत असल्याने एकत्र गाता येत नाही. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करायला सांगावं. नाही तर तानपुऱ्याचा अखंड नाद पंख्याचा आवाज समजून ते कापून टाकतं, आणि विद्यार्थी बेसूर आहे की यंत्र, हेच कळत नाही.

बाकीचं थोडक्यात. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, दरमहा 5,000 रुपये, दोन वर्षं. मुलीचं वय त्यात बसतं, पुढची जाहिरात निघाली की अर्ज कराच. आकाशवाणीची ऑडिशन द्या, बी श्रेणी मिळाली तरी ती मान्यता छोट्या गावच्या आयोजकाला पुरते. मानधनातून 10 टक्के टीडीएस कापला गेला असेल तर आयकर विवरणपत्र भरून परत मागा, बरेच जण ते सोडून देतात. शास्त्रीय गायनाच्या एका कार्यक्रमाला दीड लाखापर्यंतच्या मानधनावर जीएसटी लागत नाही.

मुलगी कुठल्या पट्टीत गाते हे तुम्ही लिहिलं नाहीत. काळी चार-पाच असेल तर वरची गटांची विभागणी जशीच्या तशी वापरा. पांढरी तीन-चारच्या आसपास गात असेल तर पुरुष विद्यार्थ्यांचा प्रश्न बराच सोपा होतो, पण लहान मुलांना ती पट्टी खाली पडते, मग मुलांचा गट पेटीवर घ्यावा लागेल. कळवा, आणि सध्या सकाळी किती वाजता बसते तेही.