पहिल्याच रविवारी स्की टाकून देऊ नका

ऑस्लोत नव्याने आलेल्या मराठी माणसाचा हिवाळा ठरलेला असतो. ऑफिस, घर, हीटर आणि फोनवर आईला सांगायची तीच तक्रार: 'इथे सव्वातीनला अंधार पडतो गं.' तक्रार खोटी नाही, डिसेंबरअखेर दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. मग एका रविवारी ऑफिसातलं कुणीतरी क्रॉस-कंट्री स्कीइंगला, म्हणजे आखलेल्या मार्गावरून स्कीवर चालत-घसरत जायला, ओढून नेतं. सपाट रस्त्यावरही पाय मागे सटकतात, उतारावर आपटायला होतं आणि 'हे लहानपणीच शिकायला हवं होतं बुवा' म्हणून स्की कायमच्या माळ्यावर जातात.

माझ्या मते हे निदान चुकीचं आहे. पहिल्या दिवशीचा दोष बहुतेकदा अंगाचा नसतो. तो चुकीच्या स्कीचा आणि चुकीच्या दिवसाचा असतो.

क्रॉस-कंट्रीची स्की सपाट नसते, मधोमध धनुष्यासारखी किंचित उचललेली असते. दोन्ही पायांवर सारखं वजन असेल तर मधला भाग बर्फाला जेमतेम शिवतो आणि स्की घसरत राहते. एकाच पायावर सगळं वजन टाकून दाबलं की तो भाग टेकतो, तिथे तळाला लावलेलं मेण किंवा फरची पट्टी बर्फ धरते आणि त्या आधारावर पुढे रेटा देता येतो. नवशिका घाबरून वजन दोन्ही पायांच्या मधे ठेवतो. त्यामुळे एकही स्की धड टेकत नाही आणि पाय मागे जातात. म्हणून पहिला अर्धा तास काठ्या बाजूला ठेवा आणि सपाटीवर नुसतं एका पायावरून दुसऱ्या पायावर जायला शिका. वाकायचं ते घोट्यातून, कमरेतून नव्हे.

हे जमायला स्की तुमच्या वजनाची हवी. मित्राची उसनी स्की, मित्र नव्वद किलोचा आणि तुम्ही साठचे, तर ती तुमच्याने कधीच दाबली जाणार नाही. दुकानात कागदाची परीक्षा करून घ्या. सपाट फरशीवर दोन्ही स्कींवर उभं राहिल्यावर पायाखालचा कागद सहज सरकला पाहिजे, आणि सगळं वजन एका स्कीवर टाकलं की तिच्याखाली अडकला पाहिजे. लांबी साधारण उंचीपेक्षा वीसेक सेंटीमीटर जास्त, पण लांबीपेक्षा वजन महत्त्वाचं. काठी उंचीच्या ८३-८५ टक्के, म्हणजे १६५ सेंटीमीटरच्या माणसाला १३७ ते १४०. पट्ट्यात हात खालून वर घालायचा आणि पट्ट्यासकट मूठ धरायची. नाहीतर तासाभरात मनगटं भरून येतात.

लगेच हजारो क्रोनर घालू नका. बऱ्याच ठिकाणी 'बुआ' नावाची केंद्रं आहेत, तिथे खेळाचं सामान काही दिवस फुकट उसनं मिळतं. (नाव ऐकून आपल्याला कीर्तनच आठवतं, पण काम खरोखर पुण्याचं आहे.) मोठ्यांची मापं प्रत्येक केंद्रात असतीलच असं नाही, आधी विचारून घ्या.

आता मेण की फर? जुनेजाणते नॉर्वेजियन मेणाचा आग्रह धरतील. त्यांचं ऐकू नका, निदान पहिली दोन वर्षं. पकडीच्या मेणाचं तत्त्व असं की वजन पडलं की बर्फाचे कण त्यात रुततात आणि वजन उचललं की सुटतात. मेण बर्फाच्या मानाने कडक असेल तर कण रुतत नाहीत आणि स्की मागे सटकते. मऊ असेल तर कण सुटतच नाहीत, पायाखाली बर्फाचा गोळा चिकटतो आणि टाचांच्या सँडलवर चालल्यासारखं होतं. म्हणून तापमानाप्रमाणे डबी बदलते. स्विक्स कंपनीची निळी एक्स्ट्रा ताज्या बर्फावर साधारण उणे १ ते उणे ७ अंशांत चालते, हिरवी त्याहून कडक थंडीत. ऑस्लोत मात्र पारा शून्याच्या आसपास फार रेंगाळतो, आणि नेमकं तिथेच मेण सगळ्यात लहरी वागतं. सकाळी निळी बरोबर असते, दुपारी तीच चुकते.

मोहेरच्या (अंगोरा बकरीच्या केसांच्या) फरची पट्टी लावलेल्या स्कीला ही कटकट नाही. घसरण थोडी कमी मिळते, तेवढं सोसा. फरवर पकडीचं मेण कधीही लावू नका, तिच्यासाठीचा वेगळा द्रव मिळतो. ओल्या बर्फातून एकदम कोरड्या थंड बर्फात गेलात तर फरवर बर्फ गोठतो, तेव्हा थांबून खरवडून काढा.

मेणच लावायचं असेल तर आधी स्की दहा मिनिटं बाहेर थंड होऊ द्या. टाचेच्या जागेपासून पुढे साधारण ६० सेंटीमीटर, तीन-चार पातळ थर, प्रत्येक थर बुचाने घासून. एकच जाड थर म्हणजे पोळीवर लोण्याचा गोळा ठेवण्यासारखं.

दिवस निवडताना उणे २ ते उणे ८, वारा नाही, आणि आदल्या रात्री यंत्राने मार्ग नव्याने आखलेला, म्हणजे स्की चालवायच्या दोन समांतर खोबणी पाडलेला. स्कीस्पोरेट या वेबसाइटच्या नकाशावर कुठला मार्ग किती वेळापूर्वी आखला ते रंगावरून कळतं. पाऊस पडून पुन्हा गोठलेल्या दिवशी घरी बसा. त्या दिवशी खोबणी काचेसारख्या होतात आणि मुरलेले लोकही शिव्या घालतात.

जागा निवडतानाची नेहमीची चूक म्हणजे मेट्रोच्या १ नंबरने फ्रोग्नरसेटेरेनला जाणं. स्टेशन ४६९ मीटरवर, तिथला बर्फ झकास, देखावा सुरेख, आणि शहराकडे परत यायचं तर उतारच उतार. क्रॉस-कंट्रीच्या साध्या स्कीला पोलादी कडा नसतात आणि टाच मोकळी असते, त्यामुळे ब्रेक दुबळा. ५ नंबरने सोग्न्सवानला जा, तळ्याच्या आसपास सपाटी मिळते. उतार आलाच तर पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर, गुडघे वाकवून नांगर करायचा. खोबणीत एक स्की ठेवून दुसरीने बाहेर नांगर धरला तरी वेग आवरतो. फारच भीती वाटली तर स्की काढून कडेने चालत उतरा, कुणी हसत नाही. खोबणीतून बूट घालून मात्र चालू नका, तेवढ्यावरून इथला शांत माणूसही बोलतो. पडलात तर बाजूला पडा आणि आधी मार्गातून सरका.

कपड्यांत आपली हमखास चूक म्हणजे पफर जॅकेट आणि जीन्स. वीस मिनिटांत घाम येतो, कापूस भिजतो, थांबलात की हुडहुडी. आत पातळ लोकर, वर वारा अडवणारं हलकं जॅकेट, पिशवीत एक कोरडा बनियन. पहिली दहा मिनिटं थंडी वाजली तर कपडे बरोबर आहेत असं समजा. दोन जाड मोजे घालू नका, बूट आवळतो, रक्त अडतं आणि बोटं उलट जास्त गारठतात.

खाण्याचं म्हणाल तर इथले लोक किटकॅटसारखं दिसणारं क्विक लुन्श आणि संत्री नेतात. आपला तिळगुळाचा लाडू त्याला तोडीस तोड आहे, आणि संक्रांत नेमकी मोसमात येते. चिक्की नको, थंडीत दाताशी भांडते. पाणी थर्मासमध्येच न्या, बाटलीची नळी हमखास गोठते. गूळ घातलेलं गरम कोकम नेऊन बघा.

घरी आल्यावर फरची स्की हीटरला टेकवून सुकवू नका, पट्टीचा गोंद सुटतो. पुसा आणि खोलीतल्या हवेत उभी ठेवा. आणि पहिला प्रयत्न डिसेंबरात फसला असेल तर फेब्रुवारीअखेर पुन्हा जा. तेव्हा दिवस दहा तासांचा होतो आणि साडेपाचपर्यंत उजेड असतो.