पी हळद आणि हो जाणकार

सांगलीत राहून अमेरिकेच्या टॅरिफबद्दल तुम्हाला मत नसेल, तर निदान ते कुणाला कळू देऊ नका. लोक नावं ठेवतात. मार्केट यार्डात पोती वाहणारा हमालसुद्धा हल्ली ट्रम्प म्हणत नाही, 'तात्या' म्हणतो, आणि तात्यांच्या मनात काय चाललंय हे व्हाइट हाऊसच्या आधी त्याला कळलेलं असतं. तेव्हा मत पाहिजेच. मी हळदीच्या एका अडत दुकानात लिखापढी करतो. दिवसभर ही मतं फुकट कानावर पडतात, म्हटलं चार गोष्टी तुम्हालाही सांगाव्यात.

टॅरिफ म्हणजे काय, हे समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. आकडा तेवढा पाठ करा. २७ ऑगस्ट २०२५ ला आपल्या मालावर ५० टक्के लागलं होतं. त्यातले २५ असेच आणि २५ आपण रशियाचं तेल घेत होतो म्हणून. हा कर तिकडचा आयातदार भरतो आणि शेवटी तिकडच्याच गिऱ्हाइकाच्या माथी मारतो, असं कुणी मध्येच सांगायला लागलं, तर 'तुम्ही शिकलेली माणसं' असं म्हणून त्याला चहा पाजावा. इकडं हळदीचा दर पडला की 'टॅरिफ लागलं ना' म्हणायचं. पुढं नोव्हेंबरात अमेरिकेत किराणा महागला म्हणून तात्यांनीच कॉफी, चहा, केळी यांच्याबरोबर हळदही सवलतीच्या यादीत घातली. आता तुमच्याकडं लोक बघणार, की टॅरिफनं पडलेला दर टॅरिफ उठल्यावर का चढत नाही? घाबरायचं नाही. 'बाजारानं ते आधीच धरलं होतं,' असं म्हणायचं. हे वाक्य जपून ठेवा, पावसालाही चालतं आणि निवडणुकीलाही.

फारच रंगात यायचं असेल तर पेटंटचा विषय काढा. १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत एका विद्यापीठाच्या नावावर निघालं होतं. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुनी पोथ्यापुस्तकं पुढं ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं. खरं तर आमच्या आजीनं एका वाक्यात केस जिंकली असती, पण आजीकडं छापील पुरावा नव्हता. हा किस्सा सांगताना आवाज थोडा चढवावा. कुणीतरी हमखास 'भारत माता की जय' म्हणतं आणि मूळ प्रश्न, म्हणजे दराचा, मागं पडतो.

शेतकरी समोर असेल तर मात्र जरा बेतानं घ्या. सौदा निघतो तेव्हा तो आपल्या थप्पीपाशी उभा असतो, टोपी हातात. पोत्याचं तोंड उघडून मूठभर माल वर काढलेला असतो. खरेदीदार येतो, एक हळकुंड उचलून कडकन मोडतो, आतला रंग उजेडाकडं धरून बघतो, तुकडे पोत्यावर टाकतो आणि पुढं सरकतो. आठ-नऊ महिने रानात, मग काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश, आणि निकाल एवढ्याशा आवाजात. सौदा पुढच्या थप्पीवर गेला तरी तो त्या मोडलेल्या तुकड्याकडंच बघत असतो. अशा वेळी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणावं, "ग्लोबल परिस्थिती आहे, आण्णा." तो मान हलवतो. त्याच्या बापालाही कुणीतरी असंच काहीतरी सांगितलेलं असतं.

राष्ट्रीय हळद मंडळाचा विषय निघाला तर चिडायचं नाही. सांगलीची हळद म्हणून २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन आपल्याला मिळालं, हिंगोलीकडं वसमतला हळद संशोधन केंद्र झालं आणि मंडळाचं मुख्यालय गेलं निजामाबादला. उद्घाटनाचा दिवसही कुणा रसिकानं निवडलेला दिसतो, १४ जानेवारी २०२५. ऐन संक्रांत! हळदीकुंकू सांगलीत आणि वाण तेलंगणात. आपण तिळगूळ घ्यायचा आणि गोड बोलायचं. कुणी हरिपूरच्या पेवांची आठवण काढलीच, जमिनीखाली हळद साठवायची केवढी अक्कल होती वगैरे, तर २००५ च्या महापुरावर सगळं ढकलून द्यावं. पुरात बरीचशी पेवं गेली हे खरंच आहे. आणि त्यानंतर काय केलं, असं पुराला कुणी विचारत नाही.

बेदाण्याबद्दल थोडक्यात. चीनचा बेदाणा आडवाटेनं येतो म्हणून तासगावकडचे द्राक्षवाले ओरडतात. त्यांच्यासमोर स्वदेशीवर बोलावं. दिवाळीला घरी मात्र जो स्वस्त असेल तो आणावा. बेदाण्याच्या अंगावर पासपोर्ट नसतो.

आता राजकारण. इथं नवखा माणूस हमखास घसरतो, कारण तो पक्ष धरून मत ठेवतो. सांगलीत अशी चैन परवडत नाही. २०२४ च्या लोकसभेला मुख्य लढत कोणात होती? संजयकाका पाटील, विशाल पाटील आणि चंद्रहार पाटील. कमळ, अपक्ष आणि मशाल. ज्यानं 'पाटलांचा विजय असो' एवढीच घोषणा दिली, तो एकटा शहाणा. विशाल पाटील अपक्ष निवडून आले आणि लगेच काँग्रेसच्या पाठीशी उभे राहिले. संजयकाकांनी त्याच वर्षी विधानसभेला घड्याळ बांधलं. चंद्रहार पैलवानांनी पुढच्या वर्षी मशाल ठेवून धनुष्यबाण उचलला. म्हणून सांगतो, मत पेन्सिलीनं लिहावं. गावातल्या कार्यकर्त्याला पक्ष विचारण्याऐवजी 'सध्या कुठं?' असं विचारावं. त्यात आपुलकीही दिसते आणि चूकही होत नाही. त्याच्या गाडीच्या काचेवर जुन्या स्टिकरचा डिंक राहिलेला असतो, तिकडं मात्र बघू नये. कुणाच्याही भूतकाळाकडं असं टक लावून बघणं बरं नव्हे.

लाडक्या बहिणीवर मत द्यायचं तर आधी घरात कोण कोण आहे ते बघा. १५०० जमा होतात, २१०० चं आश्वासन निवडणुकीत होतं, ते कुठं अडलं हे बायकोसमोर विचारलंत तर ती तुम्हालाच सरकार समजून जाब विचारते. काही हजार पुरुषांच्या खात्यातही ते पैसे गेल्याचं उघड झालं तेव्हा आमच्या दुकानात मोठी चर्चा झाली. संताप थोडा होता, बाकी सगळी हळहळ होती, हे आपल्याला सुचलं कसं नाही म्हणून.

तंत्रज्ञानाचं तर विचारूच नका. एआय म्हटलं की बारामतीचा ऊस सांगायचा. मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी त्याचं कौतुक केलं, एलॉन मस्कनंही री ओढली. उसाचं नाव एवढ्या लांब पोचलं म्हटल्यावर छाती फुगलीच पाहिजे. कारखान्याला ऊस घातल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यायचे, असा १९६६ चा आदेश आहे. तो एआयला कुणी शिकवला का, असले प्रश्न काढून बैठकीचा विचका करू नये.

आमच्या पुतण्यानं परवा हळदीच्या पानाचा फोटो मोबाईलला दाखवला. दोन सेकंदांत उत्तर आलं.

"काका, करपा आहे म्हणतंय."

"ते तर दिसतंयच की लगा. औषध काय म्हणतंय?"

"जवळच्या कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्या म्हणतंय."

पोरगं गेलं सल्ला घ्यायला. तिथं त्याला सांगितलं, आता सगळं ॲपवर आहे, तिथंच बघा. ॲप उघडलं तर त्यानं शेतकरी ओळख क्रमांक मागितला. क्रमांक टाकला तर ओटीपी आला आजोबांच्या फोनवर, कारण सातबारा अजून त्यांच्याच नावावर. आजोबा फोन घरी ठेवून देवळात. ते आरती आटपून येईपर्यंत करपा शेजारच्या सरीवर गेला होता. आता यावर तुमचं मत काय असावं? 'डिजिटल क्रांती तळागाळात पोचली.' आणि पोचली म्हणजे पोचलीच की, देवळापर्यंत गेली.

एवढं सगळं जमलं की दोन-चार महिन्यांत लोक तुम्हाला जाणकार म्हणायला लागतात. चहाच्या टपरीवर बाकड्याची कडेची जागा मिळते. टीव्हीवरच्या माणसाला तुम्ही 'ह्याला काय कळतंय' म्हणू शकता. फक्त एक धोका राहतो. मागच्या बाकावर इतका वेळ गप्प बसलेला एखादा शेतकरी कप खाली ठेवतो आणि विचारतो, "मग सायेब, माल ठेवू का विकून टाकू?"

त्या क्षणी खिशातला मोबाईल कानाला लावावा, 'हां, बोला, बोला' म्हणत उठावं आणि रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभं राहावं. चहाचे पैसे बहुतेक वेळा तोच देतो.