दोन कुंड्यांत वर्षभराची मिरची? जरा हिशोब करू

सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: बाजारातली मिरची विषारी असते. त्यापेक्षा स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन कुंड्या ठेवा, एक नर, एक मादी; खिडकीतला उजेड पुरतो. डब्यातल्या वाळक्या मिरचीचं बी टाका, आठ दिवसांत रोप. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं आणि हिंग घातलेलं ताक, एवढंच खत; हिंग-ताकाने फुलगळही थांबते. वर्षभर मिरची विकत आणावी लागणार नाही. घरची मिरची पोटाला बाधत नाही, आणि तिखट नको असेल तर बिया काढा. साध्या स्वयंपाकाला दुसरा मसालाच लागत नाही. खाली हात जोडलेली चित्रं आणि ‘किमान दहा जणांना पाठवा’.

घरात मिरची लावायला माझा विरोध नाही. जरूर लावा. पण या मेसेजवर विसंबून लावलेली रोपं गणपती येईपर्यंत लांबुडकी होऊन माना टाकतात आणि घरातली माणसं ‘आमच्या हाताला झाडं लागतच नाहीत’ म्हणून मोकळी होतात. त्यात हाताचा काही दोष नसतो.

आधी वर्षभराचं बघू. सकाळचे पोहे, आमटी, एखादी पालेभाजी आणि कोशिंबीर एवढं धरलं तरी चौघांच्या घरात दिवसाला पाच मिरच्या सहज जातात. वर्षाच्या झाल्या 1825. एक मिरची 4 ग्रॅमची धरली तर सात किलोंच्या वर. शेतात भर उन्हात, ठिबकवर वाढलेल्या झाडाने हंगामात अर्धा किलो हिरवी मिरची दिली तर ते चांगलं पीक समजतात. म्हणजे शेताच्या तोडीची झाडं धरली तरी चौदा-पंधरा हवीत, आणि कुंडीतलं झाड त्या तोडीचं नसतं. शिवाय मिरच्या रोज पाच अशा हप्त्याने येत नाहीत. बहर आला की एकदम ओंजळभर, मग कितीतरी दिवस नुसती पानं. मंडईत जाणं सुटत नाही.

खरी गोम आहे उजेडात. मेसेज म्हणतो, खिडकीतला उजेड पुरतो. मिरचीला पाच-सहा तास थेट ऊन लागतं. नुसता उजेड नाही, ऊन. उघड्यावर दुपारचं ऊन लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतं. खिडकीपासून दोन पावलं आत आलात की तो आकडा बहुधा हजाराच्या खाली जातो. आपल्या डोळ्यांना ती खोली लख्ख वाटते, कारण डोळा सवय करून घेतो. झाडाला ते जमत नाही. मग ते उजेडाच्या दिशेने ताणत जातं, पेरं लांबतात, खोड काडीसारखं होतं, आणि फुलं आलीच तर गळतात. त्यात आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटांत ओट्यावरची खिडकी ड्राय बाल्कनीत नाहीतर डक्टमध्ये उघडते. तिथे मनी प्लांट जगेल. मिरची नाही.

कुठल्या दिशेची खिडकी, हे तर मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे 48 अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन थेट आत येतं आणि माणूस खुश होऊन कुंडी तिथे ठेवतो. मेच्या मध्याला, शून्य सावलीच्या दिवशी, तोच सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत दुपारी किंचित उत्तरेलाच असतो. या दिवसांत त्याच दक्षिणेच्या खिडकीत ऊन जवळजवळ शिरत नाही, वर छज्जा असेल तर नाहीच नाही. पुढे सप्टेंबरपर्यंत ढग आहेतच. म्हणून वर्षभराचा विचार केला तर पूर्वेची किंवा पश्चिमेची खिडकी बरी, आणि गॅलरीचा कठडा सगळ्यात बरा. परीक्षा सोपी आहे. कुंडी ठेवायच्या जागी हात आडवा धरा. सावलीला बोटं नीट वेगळी दिसली तर जागा चालेल, नुसता धुरकट डाग पडला तर सोडा.

घरातच लावायची असेल तर एलईडी ग्रो लाइट हा प्रामाणिक उपाय आहे: झाडाच्या शेंड्यापासून वीतभर वर, रोज 14 तास. 20 वॉटचा दिवा महिन्याला साधारण साडेआठ युनिट खातो. तेवढ्या बिलात जवळजवळ महिन्याची मिरची येते, हे मनाशी धरून हौस करा.

वाळक्या मिरचीचं बी उगवतं, एवढं मात्र खरं. 25 ते 30 अंश तापमानात आठ ते पंधरा दिवस लागतात. जानेवारीच्या थंडीत त्याहून जास्त. पण उगवणार काय? डब्यात बेडगी असेल तर झाड बेडगीच्याच वळणाचं येणार, म्हणजे रंगाला झकास आणि तिखटाला बेताचं. हिरव्या ठेच्याला ती काय कामाची! आणि मिरची संकरित वाणाची असेल तर पुढच्या पिढीत गुण विस्कटतात, आईसारखी लेक निघेलच असं नाही. त्यापेक्षा पुसा ज्वाला किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योती अशा सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचं बी आणा. नाहीतर सरळ हडपसरकडच्या एखाद्या नर्सरीतून रोप उचला. कुंडी दहा-बारा इंची हवी; चहाच्या कपात मिरची फक्त फोटोत लागते.

नर-मादी कुंड्यांचं कुणी सुचवलं कोण जाणे. नर-मादी झाडं पपईत असतात. मिरचीच्या प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, एकटं झाडही फळतं. बंद खोलीत वारा आणि माश्या नसतात म्हणून सकाळी फुलांच्या फांदीला टिचकी मारायची, काम होतं.

खतांचं थोडक्यात. दूध-साखरेच्या चहाचा चोथा कुंडीत टाकला की आधी मुंग्या येतात, मग बुरशी, मग चिलटं. टाकायचाच तर धुऊन, वाळवून, कंपोस्टमधून. अंड्याचं कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते मातीत विरघळायला इतका वेळ घेतं की या हंगामात झाडाला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि हिंग-ताकाने फुलगळ थांबते म्हणे! पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा 38-40 ला जातो, रात्रीही उकडतं, तेव्हा मिरची फुलं टाकते. लोक वैतागून हिंग फवारतात, तेवढ्यात जूनचा पाऊस येतो, हवा निवते, फुलं टिकतात आणि नाव हिंगाचं होतं. पानं वळून आखडायला लागली तर तो चुरडा-मुरडा, म्हणजे फुलकिडे, कोळी नाहीतर पांढरी माशी. पानांच्या खालून लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल, त्यात साबणाचे थेंब, संध्याकाळी. विषाणूनेच धरलं असेल तर मात्र ते झाड उपटून टाकणंच बरं.

‘बाजारातली मिरची विषारी’ हे फारच ओढून ताणून. मिरचीवर फवारण्या होतात, त्या याच किडींमुळे. म्हणून वाहत्या पाण्यात चोळून धुवा, देठ धुतल्यानंतर काढा. विष म्हणून घाबरवायला मात्र तेवढं पुरत नाही.

आता बिया. ही समजूत मेसेजच्या आधीपासून घराघरांत आहे. मिरचीचं तिखट म्हणजे कॅप्सायसिन, आणि ते तयार होतं आतल्या पांढऱ्या शिरांत, ज्यांना बिया चिकटलेल्या असतात तिथे. बिया तिखट लागतात त्या शिरांच्या शेजारामुळे. मिरची नुसती झटकून बिया पाडल्या तर तिखटपणा फारसा हलत नाही. उभी चिरून सुरीच्या टोकाने शिरा खरवडा, लगेच फरक कळेल. हेच कॅप्सायसिन वापरून डेव्हिड ज्युलियस यांनी आपल्या नसांमधला उष्णता ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे नसेवरचा जणू सेन्सर) शोधला आणि 2021 चं नोबेल मिळवलं. तिखट लागणं ही चव नसून भाजल्याची जाणीव आहे ती त्यामुळे. ती मिरची मंडईतली की खिडकीतली, हे त्या रिसेप्टरला कळत नाही. ज्याला जळजळ होते त्याला घरच्या मिरचीनेही होणारच.

चिरण्यावरही बरंच अवलंबून असतं. कांदेपोह्यांत मिरचीचे मोठे तुकडे घातले की ज्याला नको तो बाजूला काढतो. तीच मिरची ठेचून फोडणीत टाकली की शिरा फुटतात, कॅप्सायसिन तेलात उतरतं आणि प्रत्येक घासात पोचतं. मुलांचं वरण असेल तर मिरचीला एक चीर देऊन अख्खी टाका आणि वाढताना काढा. चीर न देता टाकलीत तर गरम तेलात फुटून अंगावर येईल. भाजी जास्त तिखट झाली तर पाणी वाढवून उपयोग नाही, कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दाण्याचं कूट, ओला नारळ नाहीतर ताटात दही.

‘दुसरा मसालाच लागत नाही’ यातलं अर्धं मला मान्य आहे. पिठलं, मुगाची खिचडी, मेथीची परतून भाजी यांना हिरवी मिरची, लसूण आणि जिरं पुरतं, गोडा मसाला उगाच घातला जातो. पण कटाच्या आमटीला नुसती हिरवी मिरची घालून बघा आणि घरातल्या ज्येष्ठांसमोर वाढा, काय ऐकायला मिळतं ते कळेल. लाल तिखटाचा रंगही तेलात उतरणारा आहे, म्हणून तर तर्री लाल दिसते. हिरवी मिरची ते काम करत नाही.

कुंडीतल्या ओंजळभर मिरच्या आल्या की त्यांचा ठेचा करा. लोखंडी तव्यावर थोड्या तेलात मिरच्यांना डाग पडेपर्यंत परतायचं, मग लसूण, जिरं, मूठभर दाणे, मीठ, आणि तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडायचं. मिक्सरला लावू नका, त्याची चटणी होते. नंतर हात नुसते नळाखाली धरून काही होणार नाही, आधी तेल चोळा, मग साबण लावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी ठेचा दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगावा.