गलगंड दिसत नाही, म्हणून आयोडीन नको?

आयोडीनयुक्त मिठाविषयी एक संदेश सध्या बराच फिरतो आहे. मुलांच्या गळ्यावर आता गलगंड दिसत नाही, त्यामुळे मिठात आयोडीन मिसळण्याची गरज उरलेली नाही; समुद्राच्या मिठात ते निसर्गतःच पुरेसे असते; मिसळलेले आयोडीन शिजवताना उडून जाते; आणि थायरॉइडच्या वाढत्या तक्रारींचे मूळ हेच मीठ आहे, असे त्याचे म्हणणे. शेवटची दोन विधाने एकमेकांना छेद देतात. जे उडून जाते ते ग्रंथी कशी बिघडवणार, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही.

पहिल्या मुद्द्यातच मोठी गफलत आहे. आयोडीन कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी थायरॉइडला अधिक काम करायला लावते आणि त्या ताणाने गळ्यातील थायरॉइड फुगते; हाच गलगंड. तो फुगवटा डोळ्यांना दिसेपर्यंत टंचाई बराच काळ मुरलेली असते. त्याहून गंभीर हानी गळ्यावर दिसतच नाही. गर्भावस्थेत आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची घडण थायरॉइडच्या संप्रेरकांवर अवलंबून असते. तेव्हा राहिलेली उणीव पुढे भरून निघत नाही, आणि ज्याची मान अगदी सडपातळ आहे असे मूलही शिकण्यात मागे पडू शकते. म्हणूनच शाळकरी मुलांच्या पाहणीत केवळ मान चाचपून भागत नाही, तर लघवीतील आयोडीन मोजतात, आणि त्याचा मध्यक (निम्मी मुले ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात तो आकडा) लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर त्या लोकसमूहात कमतरता आहे असे मानतात.

शिवाय गलगंड दिसेनासा झाला तो बहुतेक ठिकाणी आयोडीन पोटात जाऊ लागल्यामुळेच. अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात १९१७ पासून डेव्हिड मरीन आणि ऑलिव्हर किंबॉल या संशोधकांनी शाळकरी मुलींना सोडियम आयोडाइड दिले. ते घेणाऱ्या २१९० मुलींपैकी ५ जणींची ग्रंथी वाढली, न घेणाऱ्या २३०५ पैकी ४९५ जणींची. (चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, हा आक्षेप रास्त आहे, पण एवढी तफावत त्याने पुसली जात नाही.) पाऊस, पूर आणि हिमनद्यांनी ज्या जमिनीतले आयोडीन धुऊन नेले, ती जमीन मात्र आजही तशीच आहे. सोव्हिएत संघात गलगंड संपला असे मानून पुरवठ्याकडे दुर्लक्ष झाले आणि नंतर कमतरता परत आली.

समुद्री मिठाचा दावा साध्या अंकगणितात संपतो. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ आणि फार तर ६० मायक्रोग्रॅम आयोडीन असते. ते सगळेच्या सगळे मिठात उतरले असे धरले, जे प्रत्यक्षात घडत नाही, तरी ५ ग्रॅम मिठातून ८-९ मायक्रोग्रॅम मिळेल. ६ ते १२ वर्षांच्या मुलाची रोजची गरज १२० मायक्रोग्रॅम आहे, गर्भवतीची २५०.

शिजवताना काही अंश जातो, हे खरे. पण मिठात किती आयोडीन घालायचे हे ठरवताना साठवणीतली आणि शिजवण्यातली घट प्रत्येकी सुमारे २० टक्के आधीच धरलेली असते, आणि दमट हवेत टिकावे म्हणून आयोडाइडऐवजी पोटॅशियम आयोडेट वापरतात.

उरला थायरॉइडचा आरोप. यात तथ्याचा एक अंश आहे आणि तो नाकारू नये. दीर्घकाळ टंचाईत राहिलेल्या, विशेषतः ग्रंथीत गाठी झालेल्या वयस्कर व्यक्तींना आयोडीन अचानक वाढल्यावर अतिसक्रिय थायरॉइडचा त्रास होतो. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर १९६० च्या दशकात पावात आयोडेट घातल्यावर असे रुग्ण वाढले होते. गरजेहून फार जास्त आयोडीन वर्षानुवर्षे गेले तर ग्रंथी मंदावूही शकते. यावर उपाय म्हणजे मिठातले प्रमाण मोजत राहणे आणि लोक किती मीठ खातात त्यानुसार ते बदलणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शनानुसार रोजचे सेवन १० ग्रॅम असेल तेथे किलोमागे २० मिलिग्रॅम आयोडीन घालावे आणि ५ ग्रॅम असेल तेथे ३९. म्हणजे रक्तदाबासाठी लोकांनी मीठ कमी केले आणि प्रमाण त्यानुसार वाढवले, तर मुलांचे आयोडीनही कमी होण्याचे कारण नाही.