तीन वेळा मोजलं, तीनही वेळा खोटं

डोकं फिरलंय माझं. ६.२, ६.२, ६.४. एकाच संध्याकाळी, माझ्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळाच्या टँकच्या पाण्यावर, एकाच नव्याकोऱ्या किटने तीन वेळा मोजलेली अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पेलायची ताकद. ती डीकेएच या एककात मोजतात. तीनही आकडे एकमेकांना धरून, म्हणजे आपला हात स्थिर आहे, आपण मोजण्यात चुकत नाही, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. प्रत्यक्षात त्या पाण्याची अल्कलिनिटी आठच्या वर होती. आणि त्या खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून मी माझं तीन वर्षांचं, कठीण प्रवाळ जातीचं अ‍ॅक्रोपोरा माझ्याच हाताने जाळलं.

आधी सांगतो, हा टँक माझ्यासाठी काय आहे ते. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घालून मी पहिल्यांदा जिवंत प्रवाळ बघितलं, तेव्हापासून ते वेड डोक्यात आहे. भारतात कठीण प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तिथे त्याला हात लावायचा नाही, आणि ते योग्यच आहे. इकडे न्यू जर्सीत आल्यावर इथल्याच एका छंदी माणसाने स्वतःच्या टँकमध्ये वाढवलेला अंगठ्याएवढा तुकडा मला दिला. तीन वर्षांत तो तळहाताएवढा झाला. फांद्यांची टोकं जांभळी, खाली हिरवट. अडीचशे लिटर पाणी, रोज संध्याकाळी अर्धा तास, सुट्टीवर जाताना शेजाऱ्याला दोन पानी सूचना. एवढा जीव लावला होता.

किटचं जुनं खोकं संपलं तेव्हा शेवटचं वाचन ८.१ होतं. दोन दिवसांनी नवं खोकं उघडलं तर ६.२. माझ्या जागी कोणीही काय समजेल? डोसिंग पंप, म्हणजे अल्कलिनिटी टिकवणारा द्रव रोज टँकमध्ये सोडणारा पंप, बंद पडला. म्हणून मी पंप काढला, नळी धुतली, पंप मोजपात्रात चालवून बघितला. दिवसाचे ४० मिली बरोबर पडत होते. मग वाटलं, प्रवाळ वाढलंय, जास्त अल्कलिनिटी खात असेल. पाण्याचा खारटपणा तपासला, ३५, म्हणजे ठीक. पाणी, मीठ, पंप, नळी, सगळ्यावर संशय घेतला. एका गोष्टीवर घेतला नाही, कारण ती गोष्ट संशय मिटवण्यासाठीच विकत आणली होती.

मग वाढवायला सुरुवात केली. घाई नाही केली, रोज थोडं थोडं. अडीचशे लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला साधारण साडेसात ग्रॅम खायचा सोडा लागतो. आठवड्याभरात नेहमीच्या डोसवर वीस-एकवीस ग्रॅम जादा गेला. किट म्हणालं ८.३. मी समाधानाने वहीत लिहिलं. त्या क्षणी पाणी खरं तर अकराला टेकलं होतं. माझ्या टँकमध्ये नायट्रेट जवळजवळ शून्य असतं, आणि अशा पाण्यात अल्कलिनिटी झपाट्याने चढली की अ‍ॅक्रोपोराची टोकं जळतात, हे मला पाठ आहे. पाठ असून काय उपयोग? किट ८.३ दाखवत होतं!

नवव्या दिवशी मुलगी काचेला नाक लावून म्हणाली, "बाबा, याची टोकं पांढरी का झाली?" मी बघितलं आणि पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी बुडाकडची कातडी सुटायला लागली. पाण्याच्या प्रवाहात ती चिंध्यांसारखी हलत होती. तोवर हीटरवरही पांढरी खरखरीत पुटं चढली होती. ती मी आधी बघायला हवी होती. थोडा सोडा पाण्यात न राहता चुना होऊन बसत होता.

शनिवारी मित्र त्याचा अल्कलिनिटीचा मीटर घेऊन आला. १०.८. तो म्हणाला, "अरे, तुझं किट खोटं बोलतंय." मी त्याच्याशी भांडलो. खरंच भांडलो, कारण तेव्हाही माझा त्या पुड्यावर विश्वास होता. आणि मीटर तरी कुठे देवाचा शब्द आहे? त्याच्या काचेच्या बाटलीवर बोटाचा ठसा राहिला, आत बुडबुडा अडकला, की आकडा सरकतो. मीटरच्या पत्रकावरच ±०.३ आणि वर वाचनाच्या ५ टक्के असं छापलेलं होतं, म्हणजे आठच्या आसपास पाऊण डीकेएच इकडेतिकडे.

मग मी सगळं परत केलं. या किटमध्ये नमुन्याच्या पाण्यात निर्देशकाचे, म्हणजे रंग बदलणाऱ्या द्रवाचे, थेंब टाकायचे, मग रंग पालटेपर्यंत सिरिंजने आम्ल सोडायचं आणि ते किती लागलं यावरून आकडा काढायचा. सिरिंजच्या टोकाशी हवेची पोकळी राहते, त्यामुळे द्रवाची कड वाचायची नाही, काळ्या दट्ट्याची कड वाचायची, सुरुवातीलाही आणि शेवटीही. सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरी वाचली तर संपलं. माझ्या किटमध्ये ०.१ मिली म्हणजे दीड डीकेएचच्या वर फरक. नमुन्याचं पाणी डोळ्यांच्या रेषेत धरून खालच्या वळणाशी मोजलं. बाटली तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो, म्हणून निर्देशकाची बाटली सरळ उभी धरली. नमुन्याची नळी आधी टँकच्याच पाण्याने दोनदा धुतली. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली निळ्याहिरव्याचा गुलाबी नक्की कधी झाला ते कळत नाही, म्हणून खिडकीत, मागे पांढरा कागद धरून बघितलं. मुदतीची तारीख अजून वर्षभर लांब होती. आकडा तिथेच.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. किराणा दुकानातून डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणला. ३ ग्रॅम खायचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे, त्यात इतर गोष्टी असतात) एक लिटर पाण्यात विरघळवला, त्यातला १०० मिली घेऊन पुन्हा एक लिटर केला. हे झालं १० डीकेएच. साधा हिशोब आहे, त्यात कंपनीचं काही गुपित नाही. बाटलीत हवेतला कार्बन डायऑक्साइड आला-गेला तरी अल्कलिनिटी हलत नाही. मित्राच्या मीटरने १०.१ दाखवलं. माझ्या किटने? ७.५, ७.६, ७.६.

पुन्हा तेच. तीन वेळा सारखं, तीन वेळा खोटं! किटमधलं आम्ल ठरल्यापेक्षा तीव्र असलं की रंग लवकर पालटतो, कमी द्रव लागतो आणि वाचन कमी येतं. हात कितीही स्थिर ठेवा, चूक बाटलीत भरलेली आहे. दहा वेळा मोजा, दहा वेळा तीच चूक मोजाल.

आणि मला संताप याचा आहे. त्या खोक्यात घडी घातलेला, मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद आहे. त्यात लहान मुलांपासून दूर ठेवा आहे, डोळ्यात गेल्यास काय करा आहे, कंपनीच्या इतर सात उत्पादनांची जाहिरात आहे. हे किट बरोबर आहे का हे कसं तपासायचं, त्यावर एक ओळ नाही. माहीत असलेल्या आकड्याच्या द्रावणाची पाच मिलीची एक कुपी आत टाकायला काय लागतं? मीठ आणि सोडा! दोन ग्रॅमसुद्धा नाही! मेडिकलच्या साखर मोजायच्या यंत्रासाठी तपासणीचं द्रावण मिळतं, सोनाराच्या काट्याला प्रमाणित वजन असतं, आणि इथे जिवंत प्राण्यांचा जीव ज्या आकड्यावर टांगलेला आहे तिथे आम्ही डोळे झाकून विश्वास ठेवायचा?

विकणाऱ्याला मी सगळं पाठवलं. बॅच नंबर, द्रावणाचा हिशोब, तीन वाचनांचे फोटो. पहिलं उत्तर आलं, "तुमची पद्धत चुकत असावी, कृपया सूचनापत्र वाचा." मी परत लिहिलं की पद्धत चुकत असती तर जुन्या खोक्याने ८.१ आणि नव्याने ६.२ कसं दाखवलं, हात तर तोच आहे. दुसरं उत्तर आलं, घरी केलेलं द्रावण ग्राह्य धरता येत नाही. मग तुम्ही धरा की तुमच्या प्रयोगशाळेत! त्याच बॅचचं एक खोकं फोडायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं. मी ते दहा मिनिटांत स्वयंपाकघराच्या ओट्यावर केलं.

काल तिसरं उत्तर आलं. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलत. गैरसोय म्हणे. सवलत नकोय मला. त्या बॅचची बाकीची खोकी अजून तुमच्या फडताळावर आहेत की विकली गेली, तेवढं सांगा.