‘मे ते ऑक्टोबर सतत बहर’: लायलॅकबद्दलच्या त्या मेसेजला उत्तर

दर एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर लायलॅक या सुवासिक फुलांच्या झुडपाबद्दल एक मेसेज फिरतो. त्याचा गोषवारा असा: जुना लायलॅक विसरा, तो जेमतेम दोन-तीन आठवडे फुलतो. नवा ‘रीब्लूमिंग’ (पुन्हा फुलणारा) लायलॅक आणा, मे ते ऑक्टोबर सतत फुलेल, वासही अगदी तोच. दर ऑक्टोबरमध्ये त्याची कडक छाटणी करा, बुंध्याशी कॉफीचा चोथा घाला. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनाही कळवा, हिवाळ्यात कुंडीत बर्फाचे खडे टाकले की तिथेही फुलतो.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण हा सल्ला वाचून लोक हौसेने महागाचं रोप आणतात आणि पुढच्या मे महिन्यात त्यावर नुसती पानं दिसतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सतत’ हे खरं नाही. या प्रकारात सर्वांत जास्त विकला जाणारा लायलॅक म्हणजे ‘ब्लूमरँग’. मिशिगनमधल्या स्प्रिंग मेडो नर्सरीच्या टिम वूड यांनी तो तयार केला, ‘जोसे’ नावाच्या आधीच्या फ्रेंच बुटक्या जातीपासून. मे महिन्यात तो भरभरून फुलतो. मग थांबतो, नवे फुटवे काढतो आणि भर उन्हाळ्यानंतर थंडी पडेपर्यंत थोडी थोडी फुलं देत राहतो. हा दुसरा बहर पहिल्याच्या मानाने विरळ असतो. लावल्यावर पहिल्या वर्षी तो आलाच नाही तरी रोप वाया गेलं असं समजू नये, मुळं रुजायला वेळ लागतो. दुसरी फुलं नव्या फुटव्यांवर येतात, त्यामुळे जूनमध्ये पाण्याचा ताण पडला तर फुटवेही नाहीत आणि फुलंही नाहीत.

ज्यांना खरोखर जास्त दिवस फुलं हवी आहेत आणि जागाही आहे, त्यांनी एकाच झुडपाकडून सगळी अपेक्षा करण्यापेक्षा मागेपुढे फुलणाऱ्या जाती लावाव्यात. आधी साधा लायलॅक, तो ओसरत आला की ‘मिस किम’, आणि जूनमध्ये क्रीम रंगाच्या फुलांचा जपानी ट्री लायलॅक. ‘मिस किम’चं बी एल्विन मीडर यांनी १९४७ मध्ये कोरियातल्या डोंगरातून आणलं होतं. ही जात बुटकी आणि सुवासिक आहे, शिवाय तिच्यावर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) फारशी पडत नाही.

आता वास. लायलॅक मुळात वासासाठीच लावायचा, त्यामुळे मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या वासाने लोक मे महिन्यात कुंपणाशी थबकतात तो बाल्कनच्या डोंगरांतून युरोपभर पसरलेल्या साध्या लायलॅकचा, म्हणजे सिरिंगा व्हल्गॅरिसचा. ब्लूमरँगचं घराणं वेगळं आहे, चीन-कोरियाकडच्या लहान पानांच्या जातींचं. त्याला वास आहे, चांगला आहे, पण त्यात मसाल्याची, लवंगेसारखी झाक आहे. तो जुना गोड, भरलेला वास नव्हे. शरदात मोजकेच घोस असतात, तेव्हा वास घ्यायला नाक फुलापाशीच न्यावं लागतं.

वास हाच निकष असेल तर माझं मत स्पष्ट आहे: जागा असेल तर साधा लायलॅक किंवा त्याच्या जुन्या सुवासिक जाती घ्या. फ्रान्सच्या लमॉइन यांची पांढरी, दुहेरी पाकळ्यांची ‘मादाम लमॉइन’ १८९० पासून बागांत आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या जॉन डनबार यांची निळसर ‘प्रेसिडेंट लिंकन’ही तितकीच विश्वासाची. पण ही झुडपं आठ-दहा फूट आणि त्याहूनही वर जातात. टाउनहाउसपुढच्या चिंचोळ्या वाफ्यात चार-पाच फुटांचा ब्लूमरँगच शोभतो. आणि शक्य असेल तर फोटो बघून ऑर्डर करू नका. मे महिन्यात रॉचेस्टरचं हायलँड पार्क किंवा बॉस्टनचं अर्नोल्ड आर्बोरेटम गाठा. तिथे झाडांना नावांच्या पाट्या असतात, हुंगून बघा आणि आवडेल त्याचं नाव लिहून घ्या.

सगळ्यांत जास्त नुकसान करतो तो ऑक्टोबरच्या छाटणीचा सल्ला. ऑगस्टअखेर साध्या लायलॅकची एखादी फांदी हातात धरून टोकाकडे बघा. तिथे दोन टपोरे डोळे, म्हणजे कळ्या, शेजारी शेजारी बसलेले दिसतील. पुढच्या मेची फुलं त्यांतच तयार असतात. ऑक्टोबरमध्ये शेंडे उडवले की सगळी फुलं कचऱ्याच्या पिशवीत. ब्लूमरँगचाही वसंतातला मोठा बहर जुन्या, म्हणजे आदल्या वर्षीच्या, काडीवरच येतो.

हा सल्ला आपल्या लोकांना लगेच पटतो, कारण मोगऱ्याची छाटणी आपण थंडीतच करतो. ती बरोबरच आहे, कारण मोगरा छाटणीनंतरच्या नव्या फुटीवर फुलतो. लायलॅकला मात्र कात्री लावायची ती मेची फुलं सुकली की दोन-तीन आठवड्यांच्या आत. सुकलेल्या घोसाखाली नवे धुमारे दिसतात, त्यांच्या वर कापायचं. ब्लूमरँगला या हलक्या छाटणीने जास्त फुटवे येतात आणि दुसरा बहरही सुधारतो. जुनाट झुडूप असेल तर दरवर्षी सर्वांत जाड खोडांपैकी एक तृतीयांश जमिनीलगत कापावीत, तीन वर्षांत झुडूप नवं होतं.

कॉफीच्या चोथ्याने लायलॅक फुलत नाही. त्याला आम्लधर्मी माती नकोच असते, उदासीन किंवा किंचित चुनखडीची चालते. फुलं येत नसतील तर आधी ऊन मोजा, रोज निदान सहा तास हवं. मग बघा की लॉनला घातलेलं नत्राचं खत त्याच्या मुळांशी जातंय का. त्याने पानंच फोफावतात.

राहिलं पुणे-मुंबई. लायलॅकला थंडी हवी असते ती डोळ्यांना, म्हणजे फांद्यांवरच्या कळ्यांना. मुळाशी बर्फ ठेवून त्या कळ्यांना काहीच कळत नाही. आणि थंडी हवी तीही आठवडेच्या आठवडे, साधारण सात अंश सेल्सियसखालची. पुण्यात पारा एखाद्या रात्री सात-आठवर आला तर पेपरात बातमी येते. कॅलिफोर्नियात कमी थंडीत फुलणारी ‘लॅव्हेंडर लेडी’सारखी जात वॉल्टर लॅमर्ट्स यांनी काढली खरी, पण तिलाही थोडीफार थंडी लागतेच. तेव्हा आईबाबांसाठी ऑनलाइन ‘लायलॅकचं बी’ मागवू नका. जाई, जुई, मोगरा आणि पारिजातक हे लायलॅकच्याच कुळातले आहेत, आणि कुंडीत वर्षातून अनेकदा फुलणारं सुवासिक झाड हवं असेल तर तिकडच्या उन्हात मोगरा ते काम आजही करतोय.